वाचकांचे प्रश्न : टायफॉइड, विडालचा कागद आणि नळाचे पाणी

पावसाळ्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तापाविषयीची पत्रे नेहमीच अधिक असतात. या खेपेस त्यांतील बरीचशी टायफॉइडविषयी, म्हणजेच विषमज्वराविषयी आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि मजकूर आटोपशीर करून येथे उत्तरे दिली आहेत. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या रुग्णाचे वय, वजन आणि प्रकृती पाहून त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायच्या असतात.

प्रश्न : माझ्या १२ वर्षांच्या मुलीला गेल्या दोन वर्षांत चार वेळा टायफॉइड झाला. प्रत्येक वेळी तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विडाल पॉझिटिव्ह आली आणि सलाइनमधून इंजेक्शने द्यावी लागली. सध्या तिला ताप नाही, पण खात्री करावी म्हणून परवा पुन्हा रक्त तपासले, तर ‘ओ १:८०, एच १:१६०’ असे आले. तिच्या अंगातला टायफॉइड जात का नाही? (एक पालक, बार्शी)

उत्तर : आपल्या मुलीला चार वेळा टायफॉइड झाला असेल, असे मला वाटत नाही. एकदा झाला असावा. कदाचित एकदाही झाला नसेल. आपण पाठवलेल्या चारही अहवालांत विडालखेरीज दुसरा कोणताही पुरावा नाही आणि विडाल हा पुरावा म्हणून फार कच्चा आहे.

ही तपासणी फेर्नां विडाल या फ्रेंच वैद्याने १८९६ मध्ये प्रचारात आणली. तिच्यात टायफॉइडच्या जंतूचा शोध घेतला जात नाही, तर त्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडींचा अंदाज घेतला जातो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या लॅबमध्ये ती काचपट्टीवर होते. रुग्णाच्या रक्तातील पातळ द्रवाचा थेंब पट्टीवर ठेवतात, त्यात मेलेल्या जंतूंचा रंगवलेला द्राव (जंतूच्या अंगावरील ‘ओ’ या घटकासाठी निळा, त्याच्या शेपटीसारख्या तंतूंवरील ‘एच’ या घटकासाठी लाल) मिसळतात, पट्टी मिनिटभर हलवतात आणि रवाळ गुठळ्या दिसतात का ते नुसत्या डोळ्यांनी पाहतात. गुठळी किती ‘स्पष्ट’ आहे, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर आणि उजेडावर अवलंबून राहते. १:८० म्हणजे तो द्रव ८० पट पातळ केल्यावरही गुठळ्या दिसल्या, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. टायफॉइड ‘ऐंशी टक्के’ आहे किंवा ‘थोडा’ आहे, असा त्याचा अर्थ कधीच होत नाही.

आता आपल्या मुलीच्या बाबतीत पाहा. टायफॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी दिसण्याजोगी वाढायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी जे सापडले, ते त्या तापामुळे तयार झालेले असण्याची शक्यता थोडीच. हे प्रतिपिंड आजार बरा झाल्यावरही कित्येक महिने, ‘एच’ तर त्याहूनही अधिक काळ रक्तात राहतात. टायफॉइडच्या काही लशींनंतरही ते दिसतात. आणि मलेरिया किंवा डेंग्यूसारख्या दुसऱ्याच तापात जुने प्रतिपिंड पुन्हा उसळी घेऊ शकतात. आपल्या भागातील शंभर धडधाकट माणसांची विडाल केली, तरी त्यांतील काहींचे अहवाल आपल्या मुलीच्या अहवालासारखेच येतील. म्हणूनच एकट्या विडालवर निदान करू नये आणि करायचेच तर १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन तपासण्या करून आकडा चौपट वाढला का ते पाहावे, असे वैद्यकीय पुस्तकांत सांगितलेले असते. प्रत्यक्षात दुसऱ्या तपासणीसाठी कोणी थांबत नाही. ‘टायफिडॉट’ नावाने ओळखली जाणारी पट्टीची झटपट तपासणीही प्रतिपिंडांवरच बेतलेली असल्याने तिच्यावरही पूर्ण विसंबता येत नाही.

टायफॉइड नसताना टायफॉइडचे औषध दिले, तर बिघडले कुठे, असे काही जण विचारतात. बिघडते ते असे की खरा आजार नजरेआड होतो. विदर्भातला स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप) किंवा डेंग्यू या दोन्हींचा टायफॉइडच्या नेहमीच्या इंजेक्शनाशी काडीचा संबंध नाही. स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिनसारखे वेगळे औषध लागते आणि ते वेळेवर मिळाले नाही तर रुग्ण दगावू शकतो. कोकणात आणि मुंबईत पुराच्या पाण्यातून गेलेल्या माणसाच्या तापात लेप्टोस्पायरोसिसचा विचार आधी व्हायला हवा. ‘विडाल पॉझिटिव्ह’ हा कागद हाती आला की पुढचा विचार थांबतो, हे या तपासणीचे सर्वांत मोठे नुकसान आहे.

तेव्हा ताप नसताना विडाल करू नका. आताच्या अहवालावर कोणतेही औषध देऊ नका. मुलीला पुढे कधी ताप आला आणि तो तीन दिवसांत उतरला नाही, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) घेण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरा आणि त्याच वेळी रक्तपेशींची मोजणी, मलेरिया व डेंग्यूच्या तपासण्या करून घ्या.

प्रश्न : वडिलांना (वय ६४) दहा दिवस ताप होता. ब्लड कल्चर केले, पाच दिवस वाट पाहिली आणि ते निगेटिव्ह आले. तरीही डॉक्टर म्हणतात की हा टायफॉइडच आहे. मग एवढ्या महागड्या तपासणीचा उपयोग काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कल्चर पॉझिटिव्ह आले तर टायफॉइड नक्की; निगेटिव्ह आले तर टायफॉइड नाही असे मात्र म्हणता येत नाही. खऱ्या टायफॉइडच्या १०० रुग्णांचे कल्चर केले, तर सुमारे ६० जणांतच जंतू वाढतो.

याचे कारण समजण्यासारखे आहे. टायफॉइडमध्ये एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एखादाच जिवंत जंतू असतो, कधी तोही नसतो. म्हणून मोठ्या माणसाचे ८ ते १० मिलिलिटर रक्त कल्चरच्या बाटलीत जायला हवे. ही बाटली जंतूंना पोषक अशा द्रवाने भरलेली असते. ती शरीराच्या उष्णतेइतक्या तापमानात ठेवली जाते आणि जंतू वाढू लागले की मशीन खूण देते. टायफॉइडचा जंतू असेल तर ही खूण बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच मिळते. पण शीर सापडत नाही म्हणून किंवा ‘एवढे रक्त कशाला’ अशी कुरकुर ऐकून दोनच मिलिलिटर रक्त घेतले गेले, तर बाटलीत जंतूच उतरत नाही. दुसरे कारण आपल्या वडिलांना लागू पडेल असे दिसते. कल्चरपूर्वी चार दिवस त्यांनी गावातल्या मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्याचे आपणच लिहिले आहे. रक्तातले जंतू त्या गोळ्यांनी दबले, पण आजार हटला नाही.

अशा वेळी डॉक्टर इतर खुणांवरून निर्णय घेतात. रोज थोडा थोडा चढत जाऊन मग न उतरणारा ताप, डोकेदुखी, अन्नावरची वासना उडणे, मोठ्या माणसांत बद्धकोष्ठ तर लहान मुलांत अनेकदा जुलाब, मधोमध पांढरट थर आणि कडा लाल असलेली जीभ, हाताला लागणारी प्लीहा, तापाच्या मानाने संथ नाडी, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी किंवा जेमतेम आणि त्यांतल्याच इओसिनोफिल नावाच्या पेशी जवळपास शून्य. यांतील बऱ्याच गोष्टी जुळल्या आणि इतर कारणे तपासून बाजूला केली, तर उपचार सुरू करणे योग्यच ठरते. आपल्या डॉक्टरांनी मला वाटते तेच केले आहे. कल्चरचा दुसरा मोठा उपयोग असा की जंतू सापडला तर कोणते औषध त्याच्यावर चालेल, हेही त्याच अहवालातून कळते. हे का महत्त्वाचे आहे, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : पत्नीला टायफॉइडचे इंजेक्शन सुरू होऊन तीन दिवस झाले, तरी संध्याकाळी ताप १०२ च्या वर जातोच. नातेवाईक म्हणतात, डॉक्टर बदला. मेडिकलवाला म्हणतो, यापेक्षा भारी औषध आहे. काय करावे? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : हे उत्तर छापले जाईपर्यंत आपल्या पत्नी बऱ्या झालेल्या असाव्यात. तरी हा प्रश्न इतक्यांना पडतो की त्याचे सविस्तर उत्तर द्यायला हवे.

टायफॉइडचा जंतू रक्तात नुसता तरंगत नसतो. तो यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा आणि आतड्यातील पेशींच्या आत दडून बसतो. त्यामुळे अचूक औषध अचूक मात्रेत दिले, तरी ताप पूर्ण उतरायला ४ ते ६ दिवस, कधी आठवडाही लागतो. तापाचा काटा रोज थोडा खाली येत असेल, रुग्णाला किंचित भूक लागत असेल, डोके दुखायचे थांबले असेल, तर औषध लागू पडत आहे असे समजावे. तिसऱ्या दिवशी घाबरून औषध बदलणे आणि पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून ते बंद करणे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे सर्रास होतात आणि दोन्ही घातक आहेत. योग्य उपचार झाले तरी शंभरांत पाच ते दहा जणांचा ताप दोन-तीन आठवड्यांनी उलटतो. औषध अर्धवट सोडणाऱ्यांना ही भीती अधिक.

‘भारी औषध’ या कल्पनेविषयीही लिहायला हवे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आले, तोपर्यंत या आजारावर खरा उपाय नव्हता. दर शंभर रुग्णांमागे दहा किंवा त्याहून अधिक माणसे मरत. या औषधाने ते चित्र पालटले. पण १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि त्याच वर्षी केरळातील कोझिकोडे येथे या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंच्या साथी आल्या. पुढे अ‍ॅम्पिसिलिन आणि को-ट्रायमॉक्साझोल हीही बोथट झाली, मग सिप्रोफ्लॉक्सासिनचा जमाना आला आणि तोही गेला. आज भारतातील बहुतेक टायफॉइड जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन नीट चालत नाही, तरी जुन्या सवयीने ते दिले जातेच. सध्या भिस्त आहे ती सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनावर, तोंडाने घ्यायच्या सेफिक्झिमवर आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनवर. पाकिस्तानात सिंध प्रांतातील हैदराबादेत २०१६ पासून पसरलेल्या साथीत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही निष्प्रभ ठरले. गोळ्यांपैकी अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायची कार्बापेनेम गटातील महागडी औषधे एवढीच उरली. मुंबई आणि गुजरातमधूनही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणाऱ्या जंतूंच्या नोंदी झालेल्या आहेत. मौजेची गोष्ट अशी की ज्या जुन्या औषधांचा वापर आपण सोडून दिला, ती क्लोरॅम्फेनिकॉल आणि को-ट्रायमॉक्साझोल आता भारतातील बऱ्याच जंतूंवर पुन्हा चालू लागली आहेत. म्हणजे महाग ते गुणकारी हा हिशेब येथे लागू होत नाही. कोणते औषध चालेल हे कल्चर सांगते, मेडिकलचे कपाट नव्हे.

तोंडाने खाता-पिता येणाऱ्या, उलट्या नसलेल्या रुग्णाला घरी गोळ्यांवरही बरे करता येते. सलाइन लावले म्हणजे ताप लवकर उतरतो, हा समज निव्वळ खोटा आहे. सलाइन म्हणजे मीठ-साखरेचे पाणी. तापासाठी पॅरासिटामॉल पुरे; अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामके आतड्यातून रक्तस्राव होण्याचा धोका असलेल्या या आजारात टाळावीत.

मात्र काही लक्षणे दिसली तर रात्र असली तरी थांबू नये. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेयरचे चट्टे म्हणून ओळखले जाणारे पेशीसमूह असतात. जंतू तेथे वाढून, विशेषतः तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, तो भाग गळू लागतो आणि आतड्याला भोक पडू शकते. पोटात अचानक कळ येऊन पोट फळीसारखे कडक होणे, काळे किंवा रक्तमिश्रित शौच, ताप एकाएकी उतरून हातपाय गार पडणे व नाडी वेगाने चालणे, असंबद्ध बरळणे किंवा गुंगी येणे, यांपैकी काहीही झाले तर शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. आतड्याला भोक पडले असेल, तर ऑपरेशनला पर्याय नसतो आणि तासातासाने धोका वाढत जातो. गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांच्या बाबतीत एवढी वाटही पाहू नये.

प्रश्न : सासूबाई म्हणतात की हा मुदतीचा ताप आहे, २१ दिवस अन्न द्यायचे नाही, फक्त साबुदाण्याचे पाणी आणि मोसंबीचा रस. मुलगा पार खंगला आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सासूबाईंनी ही रीत त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून घेतली असणार आणि त्या वडीलधाऱ्यांच्या काळात तिला आधारही होता. औषध नव्हते तेव्हा हा ताप तीन-चार आठवडे चालत असे. आतडे फाटण्याची भीती असे. म्हणून डॉक्टरही लंघन सांगत. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असे दिसून आले की उपाशी ठेवलेले रुग्ण अधिक खंगतात आणि भरपूर मऊ आहार दिलेले रुग्ण लवकर उभे राहतात. तापात शरीराचा खर्च वाढतो. तो भरून काढला नाही तर स्नायू झिजतात.

मुलाला मऊ भात-वरण, मेतकूट-भात, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची पेज, दूध चालत असेल तर दूध, ताजे दही, केळे, उकडलेला बटाटा, चालत असल्यास पूर्ण उकडलेले अंडे किंवा माशाची काटे काढलेली फोड, असे थोडे थोडे दिवसातून सहा-सात वेळा द्या. कच्च्या कोशिंबिरी, जाड सालीची कडधान्ये, भाकरीचे कडक पापुद्रे, तळण आणि झणझणीत तांबडा रस्सा (कोल्हापुरात हे सांगणे धाडसाचे आहे, याची कल्पना आहे) ताप उतरल्यावर निदान दोन आठवडे दूर ठेवा. साबुदाण्याचे पाणी द्यायला हरकत नाही, पण त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. बाहेरून आणलेला फळांचा रस देऊ नका. घरी, स्वच्छ हातांनी, सोललेल्या फळाचा काढा.

प्रश्न : माझी पुण्यात विद्यार्थ्यांसाठी मेस आहे. पोळ्या करणाऱ्या बाईंना टायफॉइड झाला होता, आता बऱ्या आहेत. त्यांना कामावर केव्हा घ्यावे? (मेसचालक)

उत्तर : असा प्रश्न विचारणारे मेसचालक थोडे, आपले आभार.

टायफॉइडचा जंतू माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात वस्ती करत नाही. पाण्यात किंवा अन्नात जो जंतू येतो, तो कोणा ना कोणा माणसाच्या शौचातून आलेला असतो. बरे झालेले काही जण तीन महिन्यांपर्यंत शौचातून जंतू टाकत राहतात. शंभरांत एक ते पाच जण वर्षभराहूनही अधिक काळ, काही तर आयुष्यभर, स्वतः ठणठणीत असूनही जंतू बाळगतात. त्यांच्या पित्ताशयात, विशेषतः तेथे खडे असतील तर, जंतू ठाण मांडून बसतो. स्त्रियांत आणि उतारवयात हे अधिक दिसते.

यातील सर्वांत गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन या आयरिश स्वयंपाकिणीचे. १९०६ च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे येथे एका बँकरच्या घरातील अकरापैकी सहा जणांना टायफॉइड झाला. शोध घ्यायला नेमलेल्या जॉर्ज सोपर या स्वच्छता-अभियंत्याने पाणी, दूध, शिंपले सगळे तपासले आणि अखेर तो तेथून निघून गेलेल्या स्वयंपाकिणीपर्यंत पोहोचला. शिजवलेल्या अन्नात जंतू मरतात, मग तिच्या हातून आजार पसरला कसा, या कोड्याचे उत्तर त्याला तिच्या लोकप्रिय पक्वान्नात सापडले. ते होते कच्च्या पीचच्या फोडी घातलेले आइसक्रीम. १९०७ मध्ये तिला एका बेटावर ठेवण्यात आले, स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये सोडले, पण १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली, तेव्हा तेथे २५ जण आजारी पडले होते. पुढचे आयुष्य, म्हणजे १९३८ पर्यंत, तिने त्याच बेटावर काढले. आपण कोणाला आजार देतो, हे तिला शेवटपर्यंत पटले नाही. मला तिची बाजूही समजते. धडधाकट बाईचे पोट भरण्याचे साधन काढून घेतले आणि पर्याय मात्र धड दिला नाही, तर ती नाव बदलून परत चुलीपाशीच येणार.

म्हणून आपण या बाईंना काढून टाकू नका. नाहीतर पुढची आजारी कामगार आजार लपवील. औषधाचा क्रम पूर्ण होऊन एक आठवडा गेल्यावर, दोन दोन दिवसांच्या अंतराने शौचाचे सलग तीन नमुने कल्चरसाठी द्यावेत आणि तिन्ही निगेटिव्ह आले की त्यांना स्वयंपाकघरात घ्यावे. तोपर्यंत पगार चालू ठेवून हिशेब, बाहेरची झाडलोट अशी अन्नाशी संबंध नसलेली कामे द्यावीत. पोळी तव्यावर भाजली जाते, तेव्हा धोका तेथे कमी आहे. खरा धोका आहे तो कोशिंबीर, चटणी, ताक आणि पाण्याचे पिंप यांना लागणाऱ्या हातांचा. आपल्या मेसच्या संडासापाशी साबण आणि वाहते पाणी आहे का, हेही एकदा पाहून या. नमुन्यांत जंतू सापडलाच, तर कित्येक आठवड्यांच्या औषधाने आणि पित्ताशयात खडे असल्यास शस्त्रक्रियेने त्यातूनही मोकळे होता येते.

प्रश्न : आमच्या गावात दर पावसाळ्यात टायफॉइडची साथ येते. ग्रामपंचायत म्हणते, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो. आम्ही पाणी फडक्याने गाळतो, तुरटी फिरवतो. आणखी काय करावे? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : फडक्याने कचरा जातो, तुरटीने गढूळपणा तळाशी बसतो, जंतू बसत नाहीत. गाळून, निवळून घेतलेले पाणी उकळावे लागते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. वीस मिनिटे उकळून गॅस जाळण्याची गरज नाही. पण उकळलेले पाणी त्याच झाकणीच्या भांड्यात ठेवावे, ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे, त्यात हात घालून पेला बुडवू नये. घरात सगळे काही नीट करून येथेच घात होतो.

पावडर टाकली, एवढे पुरेसे नाही. ती उघड्या पोत्यात, ओलसर खोलीत पडून राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि हाती उरतो तो नुसता चुना. म्हणून पाण्यात टाकून तासभर झाल्यावर लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे का, हे पाहायचे असते. त्यासाठी जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचे साहित्य असते: छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो आणि तो शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहतात. ही तपासणी टाकीपाशी करून भागत नाही. गावातल्या शेवटच्या नळावर करायला सांगा आणि आपण स्वतः उभे राहून पाहा. तेथे पाणी पांढरेच राहिले, तर टाकीत कितीही पावडर पडली असली तरी तिचा उपयोग नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

यात शहरवासीयांनी निर्धास्त होऊ नये. भारतातील २०१७ ते २०२० या काळातील मोठ्या पाहणीत वेल्लोर, कोलकाता आणि दिल्ली येथील शहरी वस्त्यांत वर्षाला दर लाख मुलांमागे ५७६ ते ११७३ इतके कल्चरने सिद्ध झालेले टायफॉइडचे रुग्ण आढळले, तर पुणे जिल्ह्यातील ग्रामीण भागात हा आकडा ३५ होता. दाटीची वस्ती, गटाराला खेटून गेलेली जलवाहिनी आणि एक-दोन तासच सुटणारे पाणी, हे शहरी टायफॉइडचे खरे कारण. पाणी बंद असताना नळात दाब नसतो आणि सांध्यांच्या फटींतून आजूबाजूचे सांडपाणी आत शोषले जाते. नळाला थेट मोटार लावणारे शेजारी या शोषणाला हातभारच लावतात. आपल्या घरात पाणी लवकर चढते आणि सगळ्या गल्लीत गटार उतरते. पाणी सुटल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये.

प्रश्न : पावसाळ्यात पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा पूर्ण बंद करावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय. गरम तव्यावरून थेट ताटलीत येणारी भजी त्या मानाने सुरक्षित. बर्फात हा जंतू मरत नाही. आपण आम्लपित्तासाठी रोज गोळी घेत असल्याचे लिहिले आहे. पोटातले आम्ल हा या जंतूविरुद्धचा पहिला अडसर असतो आणि तो आपण गोळीने काढून टाकलेला आहे.

प्रश्न : अमेरिकेतून मुलगी, जावई आणि दोन नातवंडे (वय ४ वर्षे आणि १० महिने) गणपतीसाठी येत आहेत. टायफॉइडची लस घ्यावी का? आम्ही दोघे सत्तरीचे आहोत, आम्हीही घ्यावी का? (एक आजोबा, डोंबिवली)

उत्तर : पाहुण्यांनी अवश्य घ्यावी. मायदेशी नातेवाइकांकडे येणारे लोक हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकांपेक्षा अधिक आजारी पडतात, कारण ते घरचेच पाणी पितात आणि आग्रहाचे सगळे खातात.

दोन प्रकारच्या लशींची माहिती येथे उपयोगी पडेल. जुनी व्हीआय लस दोन वर्षांवरील व्यक्तींनाच चालते आणि तिचा प्रभाव दोन-तीन वर्षांत ओसरतो. नवी संयुग्म लस, जिला टीसीव्ही म्हणतात, ती सहा महिन्यांच्या बाळालाही देता येते आणि एकाच डोसने किमान चार वर्षे चांगले संरक्षण मिळते. नेपाळमधील मुलांवरच्या चाचणीत तिने सुमारे ८२ टक्के संरक्षण दिले. ही लस हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने विकसित केली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तिची शिफारस केली आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती मोफत टोचली. सार्वजनिक यंत्रणेने ही लस मोठ्या प्रमाणावर देण्याचा जगातील तो पहिला प्रयोग. पाकिस्तानने पुढच्याच वर्षी तिचा नियमित लसीकरणात समावेश केला. आपल्याकडे ती आजही बहुतेकांना खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागते, ही गोष्ट मला खटकते.

आपल्या मुलीने स्वतःसाठी, जावयांसाठी आणि मोठ्या नातवासाठी अमेरिकेतच, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी, व्हीआय लस घ्यावी. धाकट्या बाळाला ती चालणार नाही. मुक्काम महिन्याहून अधिक असेल तर येथे आल्यावर त्याला टीसीव्ही देण्याविषयी बालरोगतज्ज्ञांशी बोला; लस लागू पडायला दोन आठवडे जातात, तोपर्यंत आणि नंतरही त्याला आईचे दूध व उकळून गार केलेले पाणीच द्या. टीसीव्हीची शिफारस साधारण ४५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींसाठी आहे. आपण दोघे आयुष्यभर डोंबिवलीचे पाणी प्यालेले असल्याने आपल्याला लशीची निकड दिसत नाही, मात्र घरात कोणी जंतुवाहक असल्याचे ठाऊक असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा. यांपैकी कोणतीही लस पॅराटायफॉइडपासून, म्हणजे टायफॉइडसारख्याच पण वेगळ्या जंतूच्या तापापासून, वाचवत नाही, तेव्हा लस घेतली म्हणून चौपाटीवरची भेळ खुली झाली असे नातवंडांना सांगू नका.

परत गेल्यावर पुढच्या महिनाभरात कोणालाही ताप आला, तर तेथील डॉक्टरांना आपण भारतातून आलो आहोत हे आधी सांगावे आणि औषध सुरू होण्यापूर्वी रक्ताचे कल्चर घ्यायला लावावे. येथील जंतूंवर कोणती औषधे चालत नाहीत, हे लक्षात घेऊनच त्यांना औषध निवडावे लागेल.